वहीतला मित्र

ख्रिस्ती माणसाने मंडळीबाहेरच्या, म्हणजे चर्चबाहेरच्या, लोकांशी केलेल्या मैत्रीविषयी सध्या दोन ठिकाणी वाद ऐकू येतो आणि दोन्हीकडे तो चुकीच्या टोकाने धरलेला असतो. पहिले ठिकाण म्हणजे वाहिन्यांवरच्या चर्चा आणि मोबाइलवर फिरणारे मजकूर. ख्रिस्ती शेजाऱ्याने नाताळला घरी बोलावले, दवाखान्यात डबा पोचवला किंवा मुलाच्या फीला हातभार लावला, की त्यामागे धर्मांतराचा डाव असणारच, असा तिथला सूर. दुसरे ठिकाण आमच्याच मंडळ्यांच्या आत आहे. तिथे एक पक्ष सांगतो की ‘जगातल्या’ लोकांशी फार सलगी नको, विश्वास पातळ होतो. दुसरा म्हणतो, सलगी जरूर करा, पण सुवार्तेसाठी, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश पोचवण्यासाठी करा. एरवी तो वेळ वाया गेला. हे तिन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडत असले, तरी ज्या गृहीतावर ते उभे आहेत ते एकच आहे. मैत्री हे एक साधन आहे, असे तिघेही धरून चालतात. टीकाकाराला त्या साधनाचे भय वाटते, प्रचारकाला त्याचे कौतुक वाटते आणि सोवळ्या विश्वासणाऱ्याला ते आपल्यावरच उलटेल असे वाटते, इतकाच फरक.

मला हे गृहीतच मान्य नाही. मंडळीबाहेरच्या माणसाशी जिवाभावाचे नाते जोडणे हे ख्रिस्ती विश्वास जगण्याचेच एक अंग आहे; ती त्या विश्वासाच्या प्रसाराची पूर्वतयारी नाही. मित्राने विचारले तर ख्रिस्ताविषयी आडपडदा न ठेवता बोलावे, आणि त्याने जन्मभर विचारले नाही तरी मैत्रीत काही उणे राहिले असे समजू नये. हे म्हणणे दोन्ही बाजूंना भाबडे वाटेल याची मला कल्पना आहे, कारण एके काळी मलाही ते तसेच वाटत होते.

नगरला कॉलेजात होतो तेव्हा आमच्या तरुण संघात प्रत्येकाला एकेक वही दिली होती. पानावर पट्टीने रेघा मारून तीन रकाने पाडायचे: नाव, प्रार्थनाविषय, प्रगती. ‘बाहेरच्या’ पाच मित्रांची नावे लिहायची आणि दर महिन्याच्या बैठकीला वही घेऊन यायचे. माझ्या यादीत दुसरे नाव होते माझ्या बाकावर बसणाऱ्या वर्गमित्राचे. घर वारकऱ्यांचे, वडिलांच्या गळ्यात माळ. त्याच्या नावापुढे ‘प्रगती’खाली मी लिहिले होते, ‘नाताळच्या उपासनेला आला. गाणी आवडली.’ त्याखाली दोन वर्षे काही नाही. परीक्षेच्या आधी अकाउंटन्सीच्या वह्यांच्या गठ्ठ्यातून ही वहीदेखील त्याच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी बाकावर गठ्ठा ठेवत तो म्हणाला, “माझ्यापुढं एकच ओळ? बाकी रकाना मोकळाच की रे.” तो हसत होता. पुढे कितीतरी महिने, मी त्याच्या चहाचे पैसे दिले की तो विचारायचा, “हे वहीत जाणार का?” मी त्याला ख्रिस्ताविषयी सांगू इच्छित होतो, यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते आणि आजही नाही. लाज याची वाटते, की तो माझ्या यादीत आहे हे त्याला सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक होते.

म्हणूनच बाहेरच्या टीकाकाराचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. त्याचा संशय हवेतून आलेला नाही. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, गोव्यात १५६० मध्ये स्थापन झाले, आणि त्यानंतरच्या पिढीत, त्याच भूमीत, फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले, जे १६१६ मध्ये छापून निघाले. हरळांमाजी रत्नकिळा, तशी भाषांमध्ये मराठी, असे म्हणणाऱ्या त्या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचे मराठीवरचे प्रेम खोटे होते असे कोण म्हणेल? पण गोव्यातल्या साष्टीतली देवळे पाडणारी सत्ता ज्याच्या पाठीशी उभी आहे, त्याने कितीही गोड ओव्या गायिल्या तरी ऐकणाऱ्याला त्या मित्राच्या वाटणे कठीण. पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या संस्थेबाबत १८९३ मध्ये जे वादळ उठले, त्यातही नुसता द्वेष नव्हता. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या भरवशावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळावर आले होते. बाईंच्या खोलीतल्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या, तेव्हा तो भरवसा मोडला असे त्यांना वाटले आणि ते बाहेर पडले. रमाबाईंचा युक्तिवादही बिनतोड होता: मी कोणाला बोलावत नाही, पण आपल्याच घरात दार लावून प्रार्थना करणार नाही. दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे होती आणि तरी विश्वास तुटला, कारण तेथल्या मुली आश्रित होत्या. ज्याच्या छपराखाली आपण राहतो त्याला ‘नाही’ म्हणणे किती अवघड असते, हे आश्रितालाच कळते.

इथपर्यंत टीकाकाराचे बरोबर आहे. यापुढे तो जे अनुमान काढतो ते मात्र टिकत नाही. त्याचा दावा असा की, ज्याला आपला धर्म सत्य वाटतो त्याची मैत्री निर्हेतुक असूच शकत नाही. मग हा नियम एकट्या ख्रिस्ती माणसालाच का? पक्का कम्युनिस्ट मित्र आपल्याला वर्गसंघर्ष समजावून सांगतोच ना? नेमाने वारी करणारा शेजारी ‘एकदा चला तरी’ म्हणून दर आषाढीला मागे लागतोच ना? त्यांच्या श्रद्धेमुळे त्यांची मैत्री खोटी ठरत नाही. मैत्री खरी की खोटी याची कसोटी वेगळी आहे: समोरच्याने नकार दिल्यावर काय होते? डबा यायचा थांबतो का? दार अर्धवट उघडते का? दुष्काळात पोटासाठी धर्म सोडला, असे महार-मांग ख्रिस्ती कुटुंबांना आजही हिणवले जाते. हिणवणाऱ्यांनी हेही सांगावे की, सुकाळात गावच्या विहिरीवर त्या कुटुंबांना पाणी कोण भरू देत होते. पोटाची भूक आणि कोणीतरी आपल्या शेजारी बसून जेवावे ही भूक, या दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, आणि दुसरी पहिलीपेक्षा हलकी असते असे मानण्याचे कारण नाही.

कायद्याची गोष्टही इथेच बोललेली बरी. ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये बळजबरी, फसवणूक आणि प्रलोभन यांनी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवताना म्हटले की, धर्माचा प्रसार करण्याच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा अधिकार येत नाही. विकत घेतलेल्या श्रद्धेबद्दल मला कळवळा नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पेत्र पैसे पुढे करणाऱ्या शिमोनाला ज्या शब्दांत झिडकारतो, ते शब्द कोणत्याही कलमापेक्षा कडक आहेत. पण प्रलोभनाची व्याख्या ताणत ताणत नाताळच्या करंज्यांच्या ताटापर्यंत आणली, तर शेजारधर्मच पोलीस ठाण्यात जाईल. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले, तेव्हा त्यांच्या पुस्तकांपेक्षा त्यांच्या धर्मगुरुपदाचीच चर्चा जास्त झाली. हरित वसईसाठी टँकर आणि बिल्डर यांच्या विरोधात ज्या हिंदू-ख्रिस्ती शेजाऱ्यांनी त्यांच्यासोबत मोर्चे काढले, त्यांना कोणी विचारले नाही की तुम्हांला या माणसाने काय आमिष दाखवले. विचारले असते तर बहुधा उत्तर आले असते, ‘विहिरीचे गोडे पाणी’.

आता घरातल्यांकडे वळतो. अंतर राखा म्हणणाऱ्यांजवळ बायबलमधली वचने आहेत. जगाची मैत्री म्हणजे देवाशी वैर, असे याकोब लिहितो. विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर विजोड जोडले जाऊ नका, असे पौल करिंथकरांस सांगतो. त्यांची भीतीही खरी आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती सुमारे १०.८ लाख, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. एवढ्याशा समाजातल्या मुलाने आपली गाणी, आपले सण, आपले शास्त्र यांचे भान ठेवायचे तर काही कुंपण लागते, हे मी नाकारत नाही. पण त्याच पौलाने त्याच करिंथकरांना आधी जे लिहिले ते वाचायचेच नाही का? अनीतिमानांशी संबंध ठेवू नका असे मी म्हटले ते जगातल्या लोकांविषयी म्हटले नव्हते, नाहीतर तुम्हांला जगाबाहेरच जावे लागेल, असे त्याने स्पष्ट केले आहे. इतकेच काय, विश्वास नसलेल्या कोणी जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले तर जा, वाढतील ते खा, हेही त्याच पत्रात आहे. आणि प्रभू येशूवर त्याच्या विरोधकांनी ठेवलेला आरोप कोणता होता? ‘जकातदार व पापी ह्यांचा मित्र.’ हा आरोप त्याने खोडून काढल्याचे शुभवर्तमानात कुठे आढळत नाही. आमच्यापैकी कितीजणांवर असा आरोप व्हावा इतपत आमची ऊठबस आहे?

कुंपण आणि मैत्री एकाच अंगणात कशी नांदते, हे मी आमच्या चाळीत पाहिले. माझी आई सत्यनारायणाचा प्रसाद घेत नसे. हे तिने शेजारच्या काकूंना पहिल्याच वर्षी, हातातले पोळपाट-लाटणे खाली न ठेवता सांगितले होते, कारण पूजेच्या दिवशी काकूंकडे पुऱ्या लाटायला तीच असे. काकू रागावल्या नाहीत. त्या नैवेद्य दाखवण्याआधी वाटीभर शिरा बाजूला काढून झाकून ठेवू लागल्या. नाताळात आई एक केक बिनअंड्याचा करी. तो हमखास बसायचा आणि दगडासारखा व्हायचा, तरी काकू तो चहात बुडवून संपवत. फराळाचे ताट इकडून तिकडे गेले की ते रिकामे परत येत नसे, निदान चिमूटभर साखर तरी त्यात असायचीच. आईने कधी ‘साक्ष’ हा शब्द वापरला नाही, आणि काकूंनी ‘सर्वधर्मसमभाव’ हा. दोघींनी आपापल्या देवाशी तडजोड केली नाही. त्या एकमेकींसाठी जागा करत राहिल्या, आणि त्यासाठी दोघींनाही थोडी गैरसोय सोसावी लागली. ‘विश्वास पातळ होतो’ म्हणणाऱ्यांना मी विचारीन, की प्रसाद न घेता पुऱ्या लाटायला जाणाऱ्या बाईचा विश्वास नेमका कुठे पातळ झाला?

सगळ्यांत भक्कम बाजू आहे ती तिसऱ्या पक्षाची. ज्याने मला जीवन दिले असे मी मानतो, त्याच्याविषयी मी मित्राजवळ अवाक्षर काढत नसेन, तर मी त्याचा कसला मित्र? घराला आग लागलेली दिसत असताना शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून गप्प बसणाऱ्याला सभ्य म्हणायचे का? आणि मराठी मंडळीचा इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एक युरोपीय प्रवासी भेटला, त्यांच्याशी काव्याविषयी आदराने बोलला आणि उतरताना नव्या कराराची प्रत हातात ठेवून गेला. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे तो म्हणाला होता; १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी गप्प राहिला असता तर?

हा प्रश्न मी टाळणार नाही. तो गप्प राहिला असता तर आम्ही फार मोठ्या ठेव्याला मुकलो असतो. पण गाडीतली ती भेट म्हणजे मैत्री नव्हती. दोन अनोळखी, सुसंस्कृत माणसांमधला तो काही तासांचा मोकळा संवाद होता, त्यात लपवलेले काही नव्हते आणि टिळक पुस्तक खिडकीबाहेर टाकायला मोकळे होते. मैत्री कशी असते हे पाहायचे तर टिळकांच्या पुढल्या आयुष्याकडे पाहावे लागेल. नवऱ्याने धर्म बदलल्यावर काही वर्षे दूर राहिलेल्या लक्ष्मीबाई परत आल्या, तेव्हा ख्रिस्ती घरात त्यांनी सुरुवातीला आपले सोवळेओवळे चालू ठेवले, आणि त्यांचा निर्णय त्यांनी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन घेतला. त्याच टिळकांनी त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुण कवीला, म्हणजे बालकवींना, नगरला घरात ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली. १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले ते हिंदू म्हणूनच. शुभवर्तमानाचा ध्यास घेतलेल्या, कीर्तने करणाऱ्या, रात्रंदिवस ख्रिस्ताचे अभंग रचणाऱ्या माणसाच्या घरात हा मुलगा वावरला. तिथे रकाने पाडलेली वही असती, तर बालकवींचे नाव तिच्यात ‘प्रगती नाही’ या शेऱ्यासह मिळाले असते. आणि टिळकांनीच १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती.

मैत्रीत हेतू शिरला की काय होते याचा नमुना त्याच १८९३ सालातला आहे, फक्त दूरचा. प्रिटोरियात तरुण मोहनदास गांधींना कोट्स नावाचा, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा मित्र भेटला. दर रविवारी चहाला त्यांची भेट होई; तो त्यांना फिरायला नेई, पुस्तकांमागून पुस्तके देई. एके दिवशी गांधींच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहून त्याला राहवले नाही. ही अंधश्रद्धा तुम्हांला शोभत नाही, आणा, मी ती तोडतो, असे तो म्हणाला. माळ आईने घातलेली होती आणि ती तुटली नाही. गांधी या मित्रांचे ऋण पुढेही मान्य करत राहिले, म्हणजे कोट्सचा स्नेह वाया गेला असे नाही. पण माळेकडे हात गेला त्या क्षणी त्याला समोरचा मोहनदास दिसत नव्हता, हे नक्की. याउलट इंग्रज पाद्री चार्ल्स अँड्र्यूज १९१४ मध्ये डर्बनच्या धक्क्यावर उतरले आणि त्यांनी वाकून गांधींच्या पायांना हात लावला, तेव्हा तेथले गोरे खवळले. पुढे पंचवीस वर्षे एकमेकांना ‘मोहन’ आणि ‘चार्ली’ म्हणणाऱ्या या दोघांत धर्मावर वाद झाले, मतभेद राहिले. १९२४ मध्ये दिल्लीत हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी गांधींनी केलेला एकवीस दिवसांचा उपवास सुटताना कुराणातल्या आयती झाल्या, विनोबांनी उपनिषद म्हटले, आणि अँड्र्यूज यांनी क्रुसाविषयीचे गीत गायिले. त्या खोलीत ते गीत कोणालाही खुपले नाही. ते मागितलेले होते. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला सौम्यतेने व भीडस्तपणाने उत्तर द्यायला सिद्ध असा, असे पेत्र लिहितो. त्या वाक्यातला ‘विचारणाऱ्या’ हा शब्द आमच्या प्रशिक्षण वर्गांतून नेहमी गळतो.

‘माणसे धरणारे’ या उपमेचा आधार घेऊन गळ टाकण्याची भाषा करणाऱ्यांसाठी एक बारकावा: ज्या कोळ्यांना येशूने बोलावले ते जाळी टाकत होते. गळ वेगळा. त्याला माशाला आवडणारे काहीतरी लावून आतला काटा लपवावा लागतो.

१९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत पस्तिशीतले भारतीय पाद्री वेदनायगम सॅम्युएल अझरय्या उभे राहिले आणि बहुसंख्य गोऱ्या प्रतिनिधींना म्हणाले की, तुम्ही गरिबांना अन्नदान केलेत, आपले देह जाळण्यास दिलेत. आम्हांला प्रेमही हवे आहे, आम्हांला मित्र द्या! ही मागणी मंडळीच्या आतली होती, मिशनरी आणि देशी सेवक यांच्यातल्या अंतराविषयीची, हे सांगायला हवे. परंतु शाळा, दवाखाने, अनाथालये चालवणारी माणसे वर्षानुवर्षे सेवा करूनही ज्यांची सेवा करतात त्यांच्या पंक्तीला बसत नाहीत, हे दुखणे आज आम्हां देशी ख्रिस्ती लोकांनाच जडले आहे. आम्ही देतो पुष्कळ. मागत काही नाही. शोमरोनी स्त्रीशी येशूने संभाषण सुरू केले ते ‘मला प्यायला पाणी दे’ या वाक्याने, आणि ते वाक्य बोलायला आम्हांला जड जाते. ज्याच्याकडून आपण काही घेऊ शकत नाही, त्याला आपण मित्र म्हणतो खरे, पण मनातून लाभार्थीच समजत असतो.

माझे वडील गेले तेव्हा बाकावरचा तो मित्र पुण्याहून आला. शवपेटीला त्याने खांदा दिला, मूठमाती दिली, आणि दफनभूमीच्या कट्ट्यावर बसून विचारले, “पाळकांनी ते मेंढपाळाचं काय वाचलं?” मी तेविसावे स्तोत्र त्याला म्हणून दाखवले, त्याने ते लिहून मागितले आणि मी पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहून दिले. वर्षभराने त्याची आई गेली. दहाव्याला घाटावर मी होतो, पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळ्यांबरोबर उन्हात उभा होतो. परत निघताना मी त्याच्याकडे त्याच्या वडिलांची हरिपाठाची जुनी प्रत चार दिवस वाचायला मागितली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. मला तो पूल ज्ञानोबांच्या बाजूने पाहायचा होता. त्याने प्रत कपाटातून काढून, धूळ झटकून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. ती अजून माझ्याकडेच आहे, आणि तो दर फोनला तिची आठवण करून देतो.